तुरुंगातील महाविद्यालय

तुरुंग आणि महाविद्यालय हे दोन शब्द एका दमात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते आणि मागाहून थोडा राग येतो. हसू अशासाठी की, एका ठिकाणी मनुष्य आपल्या हौसेने जातो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावे लागते. राग अशासाठी की, कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी ज्या बापाने सोयाबीन विकून मुलाची फी भरली, त्याला तुरुंगातल्या माणसाला पदवीचे शिक्षण फुकट मिळते हे ऐकून बरे वाटावे तरी कसे? ते हसू आणि तो राग ही दोन्ही स्वाभाविक आहेत, असे धरूनच आम्ही या विषयाला हात घालीत आहोत. विषय समजून घेतल्यावरही राग शिल्लक राहिला, तर तो निदान योग्य ठिकाणी असावा, एवढीच आमची अपेक्षा.

महाराष्ट्राला तुरुंग आणि विद्या यांचे नाते नवे नाही. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून काढले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला. त्याच गुरुजींनी पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आपल्या विभागाचे नांदेडचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक, आणि निजामाच्या तुरुंगात त्यांना एकदा नव्हे, अनेकदा राहावे लागले.

परंतु या उदाहरणांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. ही सर्व मंडळी शिकून मग तुरुंगात गेली होती. आपल्यापुढील प्रश्न तुरुंगात गेल्यावर शिकण्याचा आहे, आणि तो पुष्कळ अवघड आहे. त्याची पहिली चाहूल अंदमानात लागते. निरक्षर बंद्यांना अक्षरओळख करून देण्याची आपली खटपट आणि तीत आलेले अडथळे सावरकरांनी 'माझी जन्मठेप' या पुस्तकात सांगितले आहेत. मडक्यात पाणी असेल तर ते कोठेही ओतता येते. पण मडकेच रिकामे असेल तर आधी विहिरीपर्यंत वाट काढावी लागते.

ही वाट काढण्याचा अधिकार बंद्याला आहे काय? येथे एका मराठी पुस्तकाची हकीगत सांगण्याजोगी आहे. प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तेथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' नावाचे विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहिले आणि हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. मामला उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या नियमांत पुस्तक लिहिण्यास व बाहेर पाठविण्यास मनाई नाही. मग जी बंदी नियमात नाही ती अधिकाऱ्याने आपल्या मनाने घालू नये, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. पुढे १९७४ साली आंध्रातील एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, शिक्षा झाली एवढ्याने मनुष्याचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका न्यायाधीन बंद्याला विधी महाविद्यालयात प्रवेश घेण्याची मुभा दिली. वर्गातल्या हजेरीचा प्रश्न मात्र वेगळा ठेवला.

आणि हा हजेरीचा प्रश्नच कळीचा आहे. आपले नेहमीचे महाविद्यालय विद्यार्थ्याने वर्गात यावे अशी अट घालते. बंदी वर्गात येऊ शकत नाही, आणि प्राध्यापकांना रोज मोठ्या फाटकातून आत नेणेही सोपे नाही. मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा या पेचातून मार्ग सापडला. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, ज्याला आपण 'इग्नू' म्हणतो, ते १९८५ साली स्थापन झाले आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. ज्यांना नोकरी, शेती, चूल आणि मूल यांमुळे वर्गात बसता येत नाही, त्यांच्या घरी विद्यापीठाने जावे, ही त्यांमागील कल्पना. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी सुनांनी याच वाटेने पदवी घेतली आहे. जे विद्यापीठ उंबरठा ओलांडू न शकणाऱ्या सुनेपर्यंत पोहोचते, ते भिंत ओलांडू न शकणाऱ्या बंद्यापर्यंतही पोहोचू शकेल, हे ओघानेच आले. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात इग्नूचे अभ्यासकेंद्र निघाले. पुढे महाराष्ट्रातही येरवडा, नाशिकरोड, नागपूर अशा मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठांची केंद्रे चालू झाली आणि इग्नूने बंद्यांना शुल्क माफ केले.

हे केंद्र चालते कसे, तेही पाहू. छापील पुस्तकांचा संच आत येतो. ही पुस्तके शिक्षक समोर नाही असे धरूनच लिहिलेली असतात. बंदी ती बराकीत वाचतो, स्वाध्याय लिहून देतो आणि ठरलेल्या दिवशी संपर्कसत्राला बसतो. त्या वेळी बाहेरचे समंत्रक आत येऊन शंका सोडवितात. एरवी आधी शिकलेला एखादा बंदीच मास्तर होतो. परीक्षा कारागृहातच घेतली जाते. उत्तीर्ण झालेल्याला पदवी मिळते ती विद्यापीठाची, आणि तिचे मोल बाहेरच्या विद्यार्थ्याच्या पदवीइतकेच असते.

ऐकताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पावलोपावली अडचण आहे. संध्याकाळी मोजणी होऊन बराकीला कुलूप लागते, आणि शेकडो माणसांच्या गलक्यात वाचायचे कसे हा प्रश्न पडतो. आत येणारा प्रत्येक कागद तपासून घ्यावा लागतो. परीक्षेच्या दिवशीच न्यायालयाची तारीख निघते, किंवा सत्राच्या मध्येच बंद्याची बदली दुसऱ्या कारागृहात होते आणि पुस्तके मागे राहतात. यांत कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. तुरुंगाचे सगळे यंत्र माणसाला कोंडून आणि मोजून ठेवण्यासाठी बांधलेले आहे, शिकविण्यासाठी नव्हे. महाराष्ट्राच्या कारागृह व सुधारसेवा विभागाने 'सुधारणा व पुनर्वसन' हे शब्द आपल्या बोधवाक्यात घेतले खरे. पण बोधवाक्य भिंतीवर लिहिणे आणि भिंतीच्या आतला दिनक्रम बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तथापि शासनाने एक व्यवहारी पाऊल टाकले आहे. शिक्षा भोगीत असताना दहावी, बारावी किंवा पदवीची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या बंद्याला शिक्षेत तीन महिन्यांपर्यंत विशेष माफी मिळते. शंभराहून अधिक बंद्यांना आजवर हा लाभ झाला आहे. कोणी म्हणेल, मग ते सुटण्यासाठी शिकतात, ज्ञानासाठी नव्हे. आम्ही विचारतो, आपली मुले कशासाठी शिकतात? नोकरी लागावी म्हणूनच ना? लाभाच्या आशेने पुस्तक उघडले म्हणून आतील अक्षरे खोटी होत नाहीत.

आता तुरुंगात आहे तरी कोण, हे आकड्यांनी पाहू. २०२२ च्या अखेरीस देशाच्या कारागृहांत पावणेसहा लाखांच्या आसपास बंदी होते. त्यांपैकी चौथा हिस्सा निरक्षर, आणि आणखी सुमारे चाळीस टक्के दहावीच्याही अलीकडे थांबलेले. म्हणजे दर तिघांपैकी दोघांना पदवीचे दार दिसतसुद्धा नाही, कारण शिडीच्या खालच्या पायऱ्याच नाहीत. म्हणून तुरुंगातले महाविद्यालय खरे तर बाराखडीपासून सुरू झाले पाहिजे. त्यानंतर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा, मग बारावी, आणि मग पदवी. पदवी घेतलेल्या चार बंद्यांचे सत्कार करावेत, त्यात वावगे काही नाही; पण त्या सत्काराच्या आवाजात पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या शेकडोंची हाक बुडू नये.

दुसरा आकडा अधिक गंभीर आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या कारागृहांत सुमारे ४१ हजार बंदी होते, आणि त्यांतील पाचांत चार न्यायाधीन होते. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटला चालू आहे किंवा उभाच राहिलेला नाही, अशा माणसाला आपण 'कच्चा कैदी' म्हणतो. वर सांगितलेली माफी याला मिळत नाही, कारण माफी द्यायला शिक्षाच झालेली नसते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्याने नाव घालावे तर उद्या जामीन होईल की दोन वर्षे लागतील, हे त्याला ठाऊक नसते. त्याचे दिवस वाट पाहण्यात जातात आणि वाट पाहणाऱ्याचे मन पुस्तकात रमत नाही.

'कच्चा' या शब्दावरून आपल्या मुलखातली एक कथा आठवते. परंपरा सांगते की, संतांच्या मेळ्यात गोरोबा काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नर्सीच्या नामदेवांना कच्चे मडके ठरविले. नामदेव रुसले, पण मग औंढ्याला येऊन त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले. त्या कथेत आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, कच्चे ठरलेले मडके कोणी उकिरड्यावर टाकले नाही. त्याला औंढ्याची वाट मोकळी होती. आमच्या कच्च्या कैद्याला मात्र ना निकाल मिळतो, ना गुरू. त्याच्यासाठी तीन वर्षांच्या पदवीऐवजी सहा-सहा महिन्यांचे छोटे अभ्यासक्रम हवेत. सुटका झाली तर बाहेर जाऊन ते पुढे चालू ठेवता आले पाहिजेत. आणि त्याहूनही आधी खटले लवकर चालले पाहिजेत. ज्या तुरुंगात पाचांपैकी चार माणसे नुसती ताटकळत आहेत, तेथे शिक्षणाचा पहिला शत्रू अज्ञान नसून विलंब आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांकडे आता वळू. पहिला आक्षेप आरंभी सांगितला तोच: आमच्या मुलांना फी आणि गुन्हेगाराला फुकट, हा कोणता न्याय? अमेरिकेत हाच प्रश्न विचारला गेला होता. तेथे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी 'पेल' नावाची सरकारी मदत बंद्यांनाही मिळे. १९९४ साली तेथील संसदेने ती बंद्यांपुरती बंद केली. या मदतीच्या एकूण रकमेत बंद्यांचा वाटा शंभरात एक इतकाही नव्हता, आणि तो काढून घेतल्याने बाहेरच्या विद्यार्थ्याच्या पदरात काही भर पडली असेही नाही. तुरुंगांतले शेकडो अभ्यासक्रम मात्र बंद पडले. अखेर चूक उमगली आणि २०२३ च्या जुलैपासून ही मदत पुन्हा खुली झाली. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. सोयाबीन विकणाऱ्या बापाची तक्रार खरी आहे. पण तिचा पत्ता वेगळा आहे. आपल्या मुलाची फी का परवडत नाही, हे त्याने सरकारला जरूर विचारावे, आम्हीही त्याच्याबरोबर विचारू. बंद्याचे पुस्तक काढून घेतल्याने त्याच्या मुलाची फी एका पैशाने उतरणार नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याने मारेकऱ्याच्या पदवीदानाची बातमी कोणत्या मनाने वाचावी? या दुःखाला आमच्यापाशी उत्तर नाही, आणि असल्याचा आव आम्ही आणणार नाही. एवढेच म्हणतो की, शिक्षा न्यायाधीश ठरवितो. निकालपत्रात तो 'सक्तमजुरी' लिहितो, वर्षे लिहितो, दंड लिहितो. 'आणि यास अडाणी ठेवावे' असे कोणताही न्यायाधीश लिहीत नाही. बंदी शिकला म्हणून त्याचे फाटक उघडत नाही. माफीचे तीन महिने सोडले तर त्याची वर्षे त्याला भोगावीच लागतात. ती वर्षे कशी जावीत एवढाच प्रश्न आहे. ज्याने आपल्या माणसाला मारले तो तुरुंगातून पूर्वीइतकाच आडदांड होऊन परत यावा, असे त्या दुःखी घरालाही वाटत नसेल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: याने काही साधते काय? अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१३ साली अनेक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांचे पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे तेरा टक्क्यांच्या फरकाने कमी आढळले. म्हणजे शंभर माणसे सुटली तर तेरा जण कमी परतले. येथे सावधपणे बोलावयास हवे. जो शिकायला पुढे होतो तो मुळातच सुधारण्याच्या वाटेवर असेल, हे शक्य आहे. शिवाय तो देश वेगळा, तेथील तुरुंग वेगळे. पण तेरापैकी निम्मेच शिक्षणामुळे वाचले असे धरले, तरी तितक्या घरफोड्या, तितक्या मारामाऱ्या कमी झाल्या. आणि पुस्तकांचा खर्च तो काय? बंद्याला जेवण, छप्पर आणि पहारा सरकार कसेही देतेच.

प्रयोग करून पाहण्याचे धैर्य महाराष्ट्राने पूर्वीही दाखविले आहे. १९३९ साली सातारकडच्या औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत काढली. तेथे भिंतीवाचून बंदी शेती करीत. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचलेला. पुढे १९६८ साली आपल्या मराठवाड्यात पैठणला खुले कारागृह निघाले. ज्या राज्याने बंद्याच्या हाती कुदळ देऊन विश्वास टाकला, त्याने त्याच्या हाती पुस्तक देण्यास कचरू नये.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. आमच्या कळमनुरीचा याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. संबंध असा की, दीर्घ शिक्षा झालेला येथला माणूस हर्सूल किंवा त्याहून दूरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो खरा. पण तो जन्मभर तेथे राहत नाही. जन्मठेप झालेल्याच्याही सुटकेचा विचार चौदा वर्षांनंतर होऊ शकतो. संचित रजेवर, अभिवचन रजेवर तो अधूनमधून येतोच. आणि एक दिवस, पिशवी खांद्याला लावून, तो आपल्याच बसस्थानकावर उतरतो. सरकार त्याला तुरुंगाच्या फाटकापर्यंत पोहोचविते. तेथून पुढे तो गावाच्या हवाली असतो.

म्हणून काही लहान कामे गावाला करता येण्यासारखी आहेत. पहिले काम कागदाचे. आत प्रवेशाचा अर्ज भरताना शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका लागते. ती आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या कपाटात असते, आणि बंदी ती आणायला येऊ शकत नाही. म्हातारी आई दाखला मागायला आली, तर तिला चार हेलपाटे न घालायला लावणे हेसुद्धा शिक्षणदानच आहे. एका कागदावाचून एक वर्ष बुडते. दुसरे काम पुस्तकांचे. कारागृहाच्या अधीक्षकांना विचारून, तेथील ग्रंथालयाला हवी ती मराठी पुस्तके आपल्या वाचनालयाने द्यावीत. घरातली रद्दी नव्हे. तिसरे काम वेळेचे. निवृत्त शिक्षक-प्राध्यापकांपैकी ज्यांचे वास्तव्य मध्यवर्ती कारागृहाच्या शहरी आहे, त्यांनी समंत्रक म्हणून नाव द्यावे.

चौथे काम सगळ्यांत कठीण, कारण त्याला पैसा लागत नाही, मन लागते. सुटून आलेल्या माणसाने पदवी दाखविली तर आपण त्याला काम देऊ काय? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या आणि सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. पण तालुक्याच्या गावी अशी संस्था नसते, तेथे शेजारीच संस्था होतो. मोंढ्यात हिशेब लिहायला, दुकानात माल मोजायला, कोठेतरी त्याला उभे राहायला जागा लागते. तिजोरीच्या किल्ल्या पहिल्या दिवशी द्या, असे आम्ही म्हणत नाही. बेतानेच घ्या, पारखून घ्या. पण पारखायला आधी दारात उभे तर करावे लागेल.

'वाल्याचा वाल्मीकी झाला' असे आपण सहज म्हणतो. त्या कथेत वाल्याला बदलायला लावणारी गोष्ट होती ती घरच्यांचे उत्तर: तुझ्या पापात आमचा वाटा नाही. ते उत्तर न्याय्य होते आणि आपणही ते द्यावे. बंद्याच्या अपराधात गावाचा वाटा नाही. परंतु तो शिकून, बदलून परत आला, तर त्याच्या त्या नव्या आयुष्यातही आमचा वाटा नाही, असे मात्र आपल्याला म्हणता येणार नाही. तुरुंगातल्या विद्यार्थ्याचे सगळे पेपर विद्यापीठ तपासते. शेवटचा एक पेपर मात्र तो सुटल्यानंतर आपल्या गावात होतो, आणि त्या पेपराला त्याच्याइतकेच आपणही बसलेले असतो.